माणिकरावांचे दोन सेकंद

लातुरात गेली दहा-बारा वर्षं जो कुणी राहिला असेल, त्यानं एक म्हातारी नक्की पाहिली आहे. हिरवं इरकल, डोक्यावर पदर, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. लोकल केबलवर, गोलाईजवळच्या चौकातल्या मोठ्या पडद्यावर, नाहीतर फोनवर कुणी धाडलेल्या जाहिरातीत. कधी ती सोन्याच्या दुकानात कुड्या निरखत असते, कधी कोचिंग क्लासच्या दारात नातवाच्या हातात डबा देत असते, कधी ठिबकच्या नळीशेजारी उभी राहून सोयाबीनकडे बघत असते. बोलत काही नाही. दोन सेकंद दिसते आणि जाते. आमच्या शेजारच्या निवृत्त तहसीलदारांना ती नटीच वाटायची. "मुंबईहून आणत असतील हो, चेहऱ्यावर केवढा सराव दिसतो," असं त्यांनी मला एकदा फाटकात थांबवून सांगितलं होतं.

ती मुंबईची नाही, मुरुडची आहे. माझ्याच गावची. तिचं नाव पारूबाई, आणि निम्मं आयुष्य तिनं लातूरच्या एका डाळमिलमध्ये डाळ निवडली. तिला त्या पडद्यावर कुणी नेलं आणि का नेलं, हे ठाऊक असणारे आम्ही दोघंच, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. त्यातला एक मी, दुसरे माणिकराव. सांगायचं आहे ते माणिकरावांबद्दल.

माणिक सोनकांबळे मूळचे नांदेड जिल्ह्यातले, लोह्याकडच्या एका खेड्यातले. धंदा म्हणजे व्यापाऱ्यांच्या जाहिरातींचे व्हिडिओ काढायचे आणि ते कापून जोडायचे. लातुरात एका झेरॉक्सच्या दुकानावर दहा बाय बाराची खोली. वर जायला अठरा पायऱ्या. आत कॉम्प्युटरचे दोन पडदे, एक कुरकुरणारा पंखा, खिडकीत छोटी बुद्धमूर्ती आणि पाहुण्यासाठी एकच स्टूल. दुसरा पाहुणा आला तर पहिल्यानं उठायचं, असा तिथला रिवाज होता.

मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. पाइपच्या एका कारखान्याच्या व्हिडिओसाठी त्यांना निवेदन लिहून देणारं माणूस हवं होतं, आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी अख्खा रविवार बसून चाळीस ओळी लिहिल्या. त्यात 'मुहूर्तमेढ' एकदा, 'सुवर्णाक्षरे' दोनदा आणि 'गगनभरारी' तीनदा होती. माणिकरावांनी कागद शांतपणे वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "सर, चांगलं हाय. पण तुमचं एक वाक्य सपेस्तोवर शेताला पाणी देऊन होतंय."

मी दोन दिवस रागात होतो. तिसऱ्या दिवशी चाळीसच्या बारा ओळी केल्या, पण एक गगनभरारी हट्टानं ठेवली. माणिकरावांनी ती मुकाट्यानं घेतली आणि त्या शब्दावर पाइपांच्या ढिगावरून एक कावळा उडताना दाखवला. मला वाटलं, आता मालक दोघांनाही हाकलणार. मालकांना तो कावळा इतका आवडला की त्यांनी तेवढा भाग तीनदा लावायला लावला. तेव्हापासून आमची जोडी जमली.

त्यांच्या सवयी मजेदार होत्या. कुठल्या चित्रफितीत काय चांगलं आहे त्याची वेळ ते डाव्या तळहातावर बॉलपेननं लिहायचे. वही समोर असायची, पण लिहायचे हातावरच. दुपारी डबा उघडायच्या आधी हातावरचे आकडे वहीत उतरवायचे आणि मगच हात धुवायचे. डब्यात बहुतेक भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला असायचा, आणि त्यातला अर्धा झाकणात काढून समोरच्याला दिल्याशिवाय त्यांचा घास उतरत नसे. कुठलंही चित्रण पहिल्यांदा बघायचे ते आवाज बंद करून. "माणूस बोलून राहिला की आपण त्याचे शब्द बघतो, सर. मला आधी माणूस बघू द्या," असं म्हणायचे. शब्दांवर पोट असणाऱ्या माझ्यासारख्याला हे जरा लागायचंच.

शूटिंग करताना त्यांनी कधी मोठ्यानं हुकूम सोडल्याचं मला आठवत नाही. कॅमेरा आधीच गुपचूप चालू केलेला असायचा, आणि मग खूप वेळानं म्हणायचे, "हां, चालू द्या तुमचं काम." आमचे मालक लोक कॅमेऱ्यासमोर आले की बोहल्यावरच्या नवरदेवासारखे ताठ व्हायचे. मी लिहिलेली वाक्यं त्यांच्या घशात अडकायची. अशा वेळी माणिकराव लेन्स पुसायचं नाटक करत विचारायचे, "शेठ, तुमचं पैलं दुकान कुटं हुतं हो?" झालं. शेठजींचे खांदे खाली यायचे. एका तेलाच्या व्यापाऱ्यानं तर ह्या प्रश्नावर थेट आईचीच गोष्ट काढली. ती डोक्यावर घागर घेऊन दारोदार तेल कशी विकायची ते सांगता सांगता त्याचे डोळे भरले. सांगून झाल्यावर त्यानं रुमाल काढला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "हां, आता सुरू करा." माणिकराव म्हणाले, "झालं की, शेठ."

त्यांचा एक नियम होता. ज्या जागेची जाहिरात, त्या जागेवर राबणाऱ्या प्रत्येकाचं तोंड त्यात दिसलं पाहिजे, आणि ते निदान दोन सेकंद. मालक म्हणायचे, एक पुरे की. माणिकराव मान हलवायचे. "एक सेकंद स्वतःला वळखायला लागतो. दुसरा शेजारच्याला दाखवायला. एका सेकंदात माणूस स्वतःला बघतो, पण 'ती बग मी' म्हनस्तोवर गेलेला आसतो. त्याला काय अर्थ हाय?"

हा नियम त्यांनी पहिल्यापासून पाळला असता तर ही गोष्ट मला लिहावी लागली नसती.

एका मोठ्या डाळमिलच्या नव्या युनिटचं उद्घाटन होतं. तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. चार दिवस शूटिंग चाललं. डाळ निवडणाऱ्या बायकांमध्ये पारूबाई होती. सूप हलवताना ती डाळीकडे बघतच नसे, बोटांनाच खडा कळायचा. माणिकराव अर्धा तास तिच्यासमोर बसून होते. उठताना म्हणाले, "मावशी, ह्या शिणिमात तुमीच हिरोईन." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पारूबाई हसली नाही. तिनं ते खरं मानलं.

आमच्याकडे अशा व्हिडिओचा पहिला खेळ मिलमध्येच होतो. पूजा, पेढे, हार, आणि मग सगळ्यांसमोर पडदा. दुपारी नव्या गोदामाची दारं लावून अंधार करायचा होता. त्या दिवशी सकाळी मालक आमच्याकडे धावत आले. त्यांचे जावई आदल्या दिवशी येऊन उतरले होते आणि व्हिडिओत त्यांचा फोटोसुद्धा नव्हता. मुलगा राहिला तरी चालेल, पण जावई राहिला तर काय होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. मालकांच्या कपाळावर घाम होता. माणिकरावांनी तासाभरात जावयांचं चित्रण केलं. नव्या यंत्रावर हात ठेवून उभे असलेले जावई. हसणारे जावई. सगळं मिळून अकरा सेकंद.

अकरा सेकंद घालायचे तर अकरा काढायला हवेत, कारण माझं निवेदन आणि संगीत आधीच एकमेकांत बसवलेलं होतं. माणिकरावांनी मला विचारलं, "सर, तुमच्या दोन वळी कमी करता का?"

त्या दोन ओळी मला आजही पाठ आहेत, पण लिहायची लाज वाटते. त्यात वटवृक्ष होता आणि त्याच्या पारंब्या होत्या. मी म्हणालो, "माणिकराव, त्या काढल्या तर सगळा डोलारा कोसळेल." वेळ थोडा होता. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डाळ निवडणाऱ्या बायकांचा तुकडा काढून टाकला. तो बरोबर अकरा सेकंदांचा होता.

दुपारी गोदामात खुर्च्या मांडल्या होत्या. पारूबाई दुसऱ्या रांगेत बसली होती. सून, लेक, बहीण, जावा, नातवंडं मिळून अकरा-बारा माणसं तिनं मुरुडहून एसटीनं आणली होती. हिरवं इरकल तिनं त्या दिवशी पहिल्यांदा नेसलं होतं. मांडीवर नातू होता. व्हिडिओ सुरू झाला. नातू विचारत होता, "आज्जे, तू कुटं हाईस?" ती हळूच म्हणत होती, "आता यील." वटवृक्ष आला, पारंब्या आल्या, जावई आले. "आता यील." मग मालकांनी हात जोडले, टाळ्या झाल्या आणि पडदा पांढरा झाला.

"आज्जे, तू न्हाईच आली."

"दुसऱ्या खेपंला दावत्याल की," पारूबाई म्हणाली.

दुसरी खेप नव्हती. लोक जेवायला उठले. ती आणि तिची माणसं खुर्च्या गोळा होईपर्यंत बसून राहिली. माणिकराव वायर गुंडाळत होते, मी उगाच त्यांना मदत करत होतो. शेवटी ती उठून आली आणि तिला मिळालेला पेढा तिनं माणिकरावांच्या तळहातावर ठेवला. हातावर सकाळचे आकडे होते. म्हणाली, "लई ग्वाड झालं बाबा." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. माणसांना घेऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी तो तुकडा शोधायला घेतला. मालकाच्या पाया पडू, पण व्हिडिओत परत घालू, असं ते म्हणत होते. पण कॅमेऱ्याची कार्डं त्यांनी पहाटेच एका लग्नासाठी कोरी केली होती. काम झालं की मूळ चित्रण पुसून टाकायचं, ही त्यांची तेव्हाची पद्धत, कारण साठवायला जागा नसायची. पारूबाईची बोटं, सूप, डाळ, सगळं त्यांनी स्वतःच पुसलं होतं. त्यांनी दोन दिवस नाना सॉफ्टवेअरं लावून पाहिली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर बंद पडद्यासमोर बसलेले होते. मला म्हणाले, "सर, तिनं पेढा द्यायला नको हुता. शिव्या द्यायला पायजे हुत्या."

माझ्या दोन ओळींचा विषय त्यांनी तेव्हा काढला नाही. पुढेही कधी काढला नाही. मीही काढला नाही, आणि ही माझी हुशारी नव्हती, भित्रेपणा होता.

वर्षाभरात पारूबाईच्या गुडघ्यांनी मिल सोडायला लावली. माणिकरावांना ते कळलं तेव्हा ते मला म्हणाले, "सर, तुमच्या गावाला जाऊन येऊ." आम्ही त्यांच्या स्कूटरवर मुरुडला गेलो. वाटेत ते माफीचं वाक्य जुळवत होते आणि मला मोठ्यानं म्हणून दाखवत होते. मी व्याकरण दुरुस्त करत होतो. पारूबाईनं आम्हाला बघितलं, सुनेला हाक मारली, आणि पाच मिनिटांत आमच्यापुढे धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी आली. माणिकराव खात राहिले. वाक्य काही निघेना. तिसरा धपाटा संपल्यावर एकदम म्हणाले, "मावशी, एका साडीच्या दुकानाची जाहिरात करून राहिलो. गिऱ्हाईक पायजे. याल का?"

पारूबाईनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "येते की," म्हणाली. "कोन्तं लुगडं नेसू?"

"तेच. हिरवं."

अशी ती सुरुवात झाली. त्यानंतर साडीचं दुकान, सिमेंट, मसाले, क्लास, ठिबक, चष्म्याचं दुकान, नांदेडचं एक मंगल कार्यालय. माणिकरावांनी केलेली एकही जाहिरात तिच्यावाचून गेली नाही. मुरुडहून ती एसटीनं यायची. माणिकराव स्टँडवर घ्यायला जायचे आणि परत बसवून द्यायचे. कामाचं जे काही असेल ते तिला रीतसर द्यायचे आणि वर सुनेसाठी भाजी घेऊन द्यायचे. तिचं काम झालं की ते पडद्यावर दाखवायचे. ती बघायची आणि एवढंच विचारायची, "बरं आलं का?" ते म्हणायचे, "लई बेस्ट." यापलीकडे त्या दोघांत जाहिरातींबद्दल मी काही ऐकलं नाही.

एकदा मात्र प्रकरण अंगाशी आलं. लातूरच्या एकाच रस्त्यावरच्या दोन सराफांच्या जाहिराती माणिकरावांनीच केल्या होत्या, आणि चौकातल्या पडद्यावर त्या एकामागून एक लागल्या. पहिल्या दुकानात पारूबाई कुड्या बघत होती. पुढच्याच मिनिटाला दुसऱ्या दुकानात नथ बघत होती. त्याच लुगड्यात. पहिले सराफ अठरा पायऱ्या चढून धापा टाकत वर आले. मी स्टुलावरून उठलो. ते बसले नाहीत.

"माणिकराव, ही बाई माझी गिऱ्हाईक हाय का त्याची?"

मला वाटलं, आता माणिकराव चूक कबूल करतील. चूक होतीच. तिला दोन्हीकडे एकाच लुगड्यात घेताना त्यांच्या डोक्यात फक्त ती होती, दुकानं नव्हती. पण ते शांतपणे म्हणाले, "शेठ, एक सांगा. तुमच्या घरच्या बाईमानसानं दोन दुकानं हिंडल्याबिगर कवा सोनं घेतलं का?"

सराफ स्टुलावर बसले. "कुड्या तरी माझ्याकडूनच घेतल्या आसं दाखवा," म्हणाले. माणिकरावांनी दोन दिवसांत दुसऱ्या दुकानाच्या जाहिरातीतला तो भाग पुन्हा काढला. त्यात पारूबाईच्या कानात पहिल्या दुकानाच्या कुड्या होत्या. दुसऱ्या सराफाला हे आजवर कळलेलं नाही. कळलं तर हे वाचूनच कळेल, आणि आता त्याला माझी हरकत नाही.

पुढं काळ बदलला. तीन मिनिटांच्या जाहिराती एक मिनिटावर आल्या, मग तीस सेकंदांवर, मग पंधरावर. व्यापाऱ्यांचे पुतणे फोनवरच रील करायला लागले. पंधरा सेकंदांतले दोन सेकंद एका म्हातारीला द्यायचे म्हणजे मालकांच्या जिवावर यायचं. माणिकराव तिथं मात्र हटून बसायचे. दुकानाचं नाव लहान करा म्हणायचे, संगीत काढा म्हणायचे, मालकालाही अर्ध्यावर आणायचे. एका फर्निचरवाल्यानं साफ सांगितलं, "ती बाई काढा न्हाईतर काम दुसरीकडं देतो." माणिकरावांनी सगळं चित्रण एका पेनड्राइव्हवर घालून त्याच्या हातात दिलं. "घेऊन जा. तुमचंच हाय."

मी चिडलो. म्हटलं, "माणिकराव, हे आता फार होतंय. एवढी गिऱ्हाइकं घालवण्यापेक्षा एकदा तिला सरळ सांगून टाका ना की त्या दिवशी असं असं झालं, चूक झाली. मोकळे व्हा."

त्यांनी तळहातावरचा आकडा अंगठ्यानं पुसला. "आन तिला ते ठावंच नसंल तर? तिला वाटत आसंल, मशीनमंदी काई झालं, न्हाई आलं. मी सांगितलं तर तिला कळणार, की हातानं काढलं. जावयासाठी काढलं. मग तिला ह्या वयात कामून दुखवायचं?" पुढे म्हणाले, "आन ठावं आसंल, तर धा वर्षं ती माझ्या हातचा चहा कशी पेली, ह्येच मला कळंना."

हाच त्यांचा घोर होता. दुसरं त्या माणसाला काही नको होतं. पारूबाईला ठाऊक आहे की नाही आणि असेल तर तिच्या मनात काय आहे, एवढंच. ते तिला विचारायची त्यांची छाती नव्हती. तिच्या तोंडावरून काही कळत नसे, कारण ती कॅमेऱ्यासमोर आणि कॅमेऱ्यामागे सारखीच दिसायची.

शेवटची दोन वर्षं माणिकरावांनी मानेला पट्टा बांधून काम केलं. पडद्यासमोर तीस वर्षं मान वाकवून बसल्याचं ते बक्षीस होतं. डॉक्टरांनी पडदा बंद करायला सांगितलं. मुलगी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिनं आईबापांना नांदेडला बोलावून घेतलं. गेल्या वर्षी पोळ्यानंतर त्यांनी खोली रिकामी केली. कॉम्प्युटर एका पुतण्याकडे गेला, शूटिंगला मागे लावायचा हिरवा पडदा झेरॉक्सवाल्यानं मशीन झाकायला घेतला. आवराआवर करायला मी गेलो होतो. दुपारी बाराच्या सुमाराला जिन्यात काठीचा आवाज आला.

माणिकराव दाराकडे धावले. "मावशी! आवो, मी खाली आलो आसतो की!"

"तू ऱ्हा तितंच. पट्टा बांधून जिन्यात पडशील," असं म्हणत पारूबाई अठरा पायऱ्या चढून वर आली. हातात फडक्यात बांधलेले धपाटे होते. स्टुलावर बसली, रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, आणि दम खाऊन म्हणाली, "समदं गेलं व्हय रं?"

"हाव, मावशी."

मी आपला म्हणालो, "माणिकराव, तुम्ही जगाचे व्हिडिओ काढलेत. तुमचा एखादा आहे का?"

"मी कवा म्होरं आलो?" ते हसले.

पारूबाईनं माझ्याकडे हात केला. "आन तुजा फोन. मी काडते ह्याचं."

मी तिला लाल ठिपका दाखवला. ती स्टुलावरून उठली आणि तिथं माणिकरावांना बसवलं. आणि काय सांगू, ज्यानं शंभर शेठजींचे खांदे खाली आणले तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बोहल्यावरच्या नवरदेवासारखा ताठ बसला. पट्ट्यामुळे तर अधिकच. पारूबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला, सूप धरावं तसा, जरा आपल्याकडे कलता. ठिपका दाबला. बराच वेळ काही बोलली नाही. मग सावकाश म्हणाली, "हां, चालू द्या तुमचं काम."

माणिकराव असे हसले की स्टूल हललं.

तिनं थांबवायचं कसं ते विचारलं, मी थांबवलं, आणि तिघांनी मिळून ते बघितलं. सव्वा मिनिटाचा व्हिडिओ होता. त्यात शर्टाचा खिसा होता, खिशातली दोन पेनं होती, पोट होतं, गुडघ्यांवरचे हात होते. हनुवटीखालचा पट्टा अर्धा दिसत होता. त्याच्या वर काहीच नव्हतं.

"मावशी," माणिकराव डोळे पुसत, हसत म्हणाले, "समदं आलं की हो. माजं तोंडच न्हाई आलं!"

"मंग?" पारूबाई धपाट्यांचं फडकं सोडत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "माजं तरी कुटं आलं हुतं त्या मिलच्या शिणिमात?"

बारा वर्षांत तिच्यासमोर तो विषय पहिल्यांदा निघाला होता आणि तिनं काढला होता.

"मावशी, तुमाला..."

"मला काय खुळी समजला व्हय? जावई आला, म्हनून आमाला काडलं. मिलमंदी दुसऱ्याच दिवशी समद्यास्नी ठावं झालं." तिनं एक धपाटा त्यांच्या हातावर ठेवला. "लई वंगाळ वाटलं हुतं. नातवाम्होरं लई वंगाळ वाटलं. पर तू मुरुडला आलास आन तुझ्या तोंडातून शब्द फुटंना, तवाच म्या म्हनलं, जाऊ दे. लेकराच्या जिवाला लागलंय. आता बोलव तवा जायाचं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्या मास्तरला इचार. ह्याचं ते वडाचं झाड मातर लई लांबलं हुतं."

मी मान खाली घातली. माणिकरावांना ते जमणार नव्हतं. पट्ट्यामुळे त्यांना मान वाकवता येत नव्हती. म्हणून ते तसेच ताठ, समोर बघत रडले, हातात धपाटा धरून, आणि पारूबाई त्यांना म्हणत राहिली, "खा रं. निवतंय."

"आता झाली फिटंफाट," ती शेवटी म्हणाली. त्यावर माणिकराव पुन्हा हसले.

निघताना मी म्हणालो, व्हिडिओ पुन्हा काढू, नीट, तोंडासकट. ते एकदम व्यावसायिक आवाजात म्हणाले, "न्हाई सर. तसाच ठेवा. एक फ्रेमबी कापू नका." म्हणून मी तो तसाच ठेवला आहे. कधीतरी उघडतो. त्यात त्यांच्या डाव्या हाताचा तळवा एकदा वळतो आणि दिसतो. त्याच्यावर एकही आकडा नाही.

ती दोघं जिना उतरली. ती काठी टेकत पुढं, हे भिंतीला धरून मागं. मी वरून गॅलरीतून बघत होतो. माणिकरावांनी तिला ऑटोत बसवलं, एसटी स्टँड सांगितलं, स्वतः शेजारी बसले. ऑटो सुरू झाली. त्यांना मान वळवता येत नव्हती, म्हणून ते अख्खेच्या अख्खे वळले, बाहेर वाकून माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवला. ऑटो वळेपर्यंत ते तसेच वळून बसले होते. शेजारी हिरव्या लुगड्याचा पदर दिसत होता.